तिसरी बाटली

कोल्हार,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
जय भीम.

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी अकरा वाजता वायनरीच्या हॉलमध्ये पाच वाइन आणि पाच पदार्थ अशी चाखणी सुरू झाली. पाहुणे अठरा. सगळे पुण्या-नाशिकच्या हॉटेलांत जेवण आणि वाइन ठरवणारे.

२. स्वयंपाक तू आणि तुझ्या बचत गटातल्या चौघींनी केला.

३. बाटल्या टाकीतून ताज्या भरलेल्या, बिनलेबलच्या होत्या. त्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. लॅबमधली माझी मदतनीस पंकजा हिने त्या काढून कागदी पिशव्यांत घातल्या आणि पिशव्यांवर एक ते पाच आकडे टाकले.

४. पहिली पांढरी वाइन हुरडा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दिली. दुसरी गुलाबी, मासवडीबरोबर. दोन्ही जोड्या पाहुण्यांना आवडल्या.

५. तिसरी जांभळाची, शेंगोळ्यांबरोबर. ओतण्याआधी प्रत्येक बाटली वाइनमेकरने हुंगून पाहायची असा आमचा नियम आहे. मी हुंगली. तक्त्यावर 'ठीक' लिहून सही केली.

६. पंकजाने पेले भरले. मी वर्णन सांगितलं: पिकलेलं जांभूळ, मागून किंचित लवंग, मद्यार्क बारा टक्के. शेंगोळ्यांतल्या हुलग्याच्या तुरटपणाला जांभळाचा तुरटपणा जुळतो, म्हणून ही जोडी.

७. पुण्याच्या एका शेफने विचारलं, "मॅडम, यात ओवा कुठून आला?" मी म्हणाले, "ओवा नाही. लाकडी पिंपाचा वास आहे."

८. मी माझ्या पेल्यातला घोट घेतला. थुंकायचं भांडं उजव्या हाताशी होतं. मी थुंकले नाही. गिळला.

९. मी म्हणाले, "चव घशात बराच वेळ राहते."

१०. दुसरे एक पाहुणे म्हणाले, "अहो, हे सरबत आहे." चार-पाच जण हसले. काकासाहेबांनी बाटली उचलून हुंगली आणि आत नेली. तीत आमची वाइन नव्हती. काय होतं ते कळलं नाही, कारण ती बाटली नंतर धुतलेली सापडली.

११. चौथी आणि पाचवी वाइन दिली नाही. मटणाचा रस्सा पाहुण्यांनी नुसत्या भाकरीबरोबर खाल्ला आणि दोनच्या सुमारास गेले.

१२. आठव्या मुद्द्याच्या वेळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. माझ्याकडेच पाहत होतीस. मी आत येईपर्यंत तुमचा टेम्पो निघून गेला होता.

पहिले अकरा मुद्दे हा अहवाल आहे. वायनरीचे मालक म्हणून काकासाहेबांनी लेखी मागितला, त्याची ही प्रत, फक्त तुझ्या नावाच्या जागी 'तू' घातलं आहे. बारावा फक्त तुझ्यासाठी. बाटल्या पंकजाने मांडल्या होत्या, म्हणून तिला आजपासून येऊ नको असं सांगितलं आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. वाइनचं शिकायला निघाले त्या दिवशी विहारात पंचशील झाल्यावर तू मला थांबवून म्हणालीस, "नाकानं शिक, जिभेनं शिक. घोट घशाखाली उतरवू नको." मी हो म्हटलं. सात वर्षं प्रत्येक घोट थुंकला. काल मोडलं. कारण देता येईल. पण ते फक्त कारण असेल.

तू काही न बोलता गेलीस, ते मला समजलं आहे.

शुभांगी

घोडेगाव,
शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र वाचून मी पदर डोळ्यांना लावला. पुन्हा वाचलं, तेव्हा मात्र मी हसलेसुद्धा. आमच्या गटातली रंगुबाई शेंगा निवडत समोर बसली होती. ती म्हणाली, "भागाबाई, येड लागलं का काय? मघाशी डोळं पुसत हुतीस, आता दात काडतीस."

अगं, मी तुझ्यावर रागावून गेले असं तुला वाटलं? मी तोंड लपवून गेले. ती बाटली माझी होती.

माझ्या शुगरचं तुला माहीत आहे. जेवणाआधी अर्धा कप जांभळाचा रस घेते, ओवा घालून उकळलेला. जूनमध्येच करून ठेवते. तू दिलेल्या तुमच्या रिकाम्या बाटल्यांतच भरते, तशी घट्ट बुचाची बाटली दुसरीकडं मिळत नाही. त्या दिवशी दिवसभराचं काम म्हणून पाणी घालून एक बाटली बरोबर आणली होती. नासू नये म्हणून तुमच्या फ्रीजमध्ये ठेवली. तुमच्या बाटल्याही बिनचिठ्ठीच्या आणि रंगही तोच. पंकजाला बिचारीला काय ठाऊक.

मला कान नसले तरी नाक आहे. पोरगी पेल्यात ओतत होती तेव्हा दारातच ओव्याचा वास आला. आधी वाटलं शेंगोळ्यांत ओवा जास्त पडला. मग बाटलीच्या गळ्याजवळचा टवका दिसला, तो माझ्याच हातून उडालेला. ओरडावं तर समोर एवढे लोक, आणि मी हातात उलथनं घेऊन उभी. तेवढ्यात तू घोट घेतलास.

आणि तू थुंकली नाहीस.

माझ्या पोरी, तेव्हाच मी समजले. तू रस ओळखलास. का नाही ओळखणार? तुझे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेले तेव्हा तू अडीच वर्षांची होतीस. तेव्हापासून पोट दुखलं की तोच रस, सर्दी झाली की तोच रस. आत्याची बाटली चुकून आली हे तुला कळलं, आणि थुंकलीस तर त्या शहरातल्या लोकांपुढं आत्याच्या हातचं थुंकल्यासारखं होईल, म्हणून तू ते गिळलंस. वर म्हणालीस की चव बराच वेळ राहते. माझ्यासाठी तू सगळ्यांचं हसू अंगावर घेतलंस. माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. काकासाहेबांनी बाटली ओट्यावर आणून आदळली, ती मीच धुतली. पुरावा नष्ट केला म्हण. आणि बायांना म्हटलं, चला.

टेम्पोत रंगुबाई सारखी विचारत होती, "झालं काय? त्यांना शेंगोळं आवडलं न्हाईत का?" मी म्हटलं, "आवडलं." ती म्हणाली, "मग त्वांड का असं एरंडेल पिल्यावानी?" राहुरी आल्यावर सगळं सांगितलं. तर ती काय म्हणते, "बरं झालं. अठरा मानसांची शुगर उतरली असंल."

तेव्हा मद्य न घेण्याचं तुझं शील शाबूत आहे. तू गिळलंस ते जांभूळ. वचन मोडलं म्हणून झुरू नकोस.

पंकजाला मात्र परत घ्यायला सांग. पाहिजे तर माझं नाव सांग. म्हाताऱ्या बाईचं काय वाईट होणार आहे?

टेम्पोवाल्या करणबरोबर कारळ्याची चटणी आणि त्याच रसाची लहान बाटली पाठवते आहे. एक सांग, पहिल्याच घोटात ओळखलंस कसं? जुना झालाय तो रस, या वर्षी जरा पातळही आहे.

तुझी आत्या,
भागिरथी

कोल्हार,
गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

पत्र, चटणी आणि रस मिळाला. गैरसमज दूर झाला हे बरं झालं.

रस तपासला. मद्यार्क शून्य. आम्ल आमच्या जांभळाच्या वाइनपेक्षा थोडं जास्त. तुरटपणा जवळपास सारखा. शुगरसाठी घेतेस तर अर्ध्या कपापेक्षा जास्त घेऊ नकोस, त्यात फळाची साखर आहेच.

तू विचारलंस, कसं ओळखलं. तो रस मी लहानपणापासून पीत आले आहे.

काकासाहेबांना तुझ्या बाटलीचं अजून सांगितलेलं नाही. तुझं नाव यायला नको आहे. पंकजाचं काही ठरलेलं नाही. काकासाहेब नाशिकला गेले आहेत, ते आले की पाहू.

इथे काम खूप आहे. द्राक्षतोड चालू आहे. बारा मार्चला या वर्षीच्या लाल वाइनचं मिश्रण ठरवायचं आहे. सहा टाक्यांतली कोणती किती घ्यायची, ते मी चाखून सांगायचं. नऊ हजार लिटर आहे. एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही.

चटणी चांगली झाली आहे. नेहमीसारखीच.

शुभांगी

घोडेगाव,
बुधवार, २६ फेब्रुवारी

चि. शुभांगीस,
जय भीम.

चटणी नेहमीसारखी झाली नव्हती. तिच्यात लसूण नव्हता.

मी सोलून ठेवलेला लसूण वाटीतच राहिला आणि डबा करणच्या टेम्पोत गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीची चटणी घेतली तेव्हा कळलं. रंगुबाईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "ही काय चटनी हाय का राख? पोरगी म्हनंल आत्या म्हातारी झाली." मी म्हटलं, "ती लिहील बघ. तिचं नाक हरणासारखं हाय." मग तुझं पत्र आलं. नेहमीसारखीच.

मी तुझं पहिलं पत्र परत काढलं. तू सगळं आकडे घालून लिहितेस ते बरं आहे. आठवा मुद्दा वाचून मी एवढी हुरळले होते की पाचवा नीट वाचलाच नव्हता. पाचव्यात तू लिहिलं आहेस, ओतण्याआधी मी हुंगली आणि 'ठीक' लिहिलं.

आपला रस तू हुंगलास, शुभांगी. बाटलीच्या तोंडाला नाक लावून. तो ओवा मला पंधरा हातांवरून दारात आला. त्या शेफला आला. तू ओळखला असतास तर पेल्यात ओतूच दिला नसतास. मग आठव्या मुद्द्यात कुठून ओळखलास?

अंगणवाडीत नवीन पोर आलं की मी त्याच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवायचे. वळलं तर ऐकू येतं. नाही वळलं तर त्याच्या आईला बोलवायचे. चटणी मी मुद्दाम तशी केली नाही, पण टाळी वाजली आणि तू वळली नाहीस.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही.

माझे कान मी निवृत्त झाले तेव्हा गेले, असं मी सगळ्यांना सांगते. ते त्याआधी दोन वर्षं गेले होते. मी ओठ बघून चालवून न्यायचे. पोरांची गाणी पाठ होती, बायकांची गाऱ्हाणीही पाठ होती. कुणाला पत्ता लागला नाही.

सहा वर्षांमागं जानेवारीत एक दिवस दुपारी अंगणवाडी बंद केली. खिचडीच्या पोत्यांमागं सहादेवची आरती झोपली होती. चार वर्षांची. मी कुलूप लावलं. ती आत जागी झाली आणि दार बडवायला लागली. मी बाहेर, त्याच दाराला हात लावून उभी होते. कुलूप लागलं का ते ओढून बघत होते. दार हलत होतं ना, ते मला माझ्याच ओढण्यानं हलतंय असं वाटलं. मी घरी गेले, जेवले, झोपले.

साडेचारला तिची आई शोधत आली. पोरीचा आवाज बसला होता. नखं तुटली होती.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "कुलूप कोन लावतं?" मी म्हटलं, "कुलूप लावणं मदतनिसाचं काम असतं." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. नियम तसाच आहे. पण त्या दिवशी आमची मदतनीस मनकर्णा रेशनला गेली होती, म्हणून मी लावलं होतं. मनकर्णाला काढलं. ती भांडली, रडली, मग पोरीकडं काष्टीला निघून गेली. मी मानानं निवृत्त झाले. नारळ मिळाला, साडी मिळाली.

आरती आता पाचवीत जाईल. रस्त्यात भेटली की मला हात करते. तिला काही आठवत नाही. मला आठवतं, ते दार माझ्या हाताखाली हलत होतं.

तू लिहिलंस, "तो रस मी लहानपणापासून पीत आले आहे." ते वाचून मी ताडकन उठून उभी राहिले. तेही एक अक्षर खोटं नाही. असं वाक्य कसं बनतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि तिकडं पंकजा घरी बसली आहे.

मला जास्त काही नको. तुला वास येतो का? होय का नाही, एवढंच लिही.

आत्या

कोल्हार,
सोमवार, ३ मार्च

प्रिय आत्या,
जय भीम.

नाही.

पाच डिसेंबरला ताप आला. तीन दिवसांत उतरला. नवव्या दिवशी लॅबमध्ये बाटली उघडली आणि तीत पाणी आहे असं वाटलं. घरी येऊन लवंग, कापूर, रॉकेल, लसूण आणि व्हिनेगर यांच्या बाटल्या डोळे मिटून हुंगल्या. कशालाच वास नव्हता. व्हिनेगर फक्त झोंबलं. तेव्हापासून रोज सकाळी त्याच पाच बाटल्या हुंगते आणि वहीत लिहिते. शंभर टक्के रकान्यांत 'नाही' आहे. डॉक्टर म्हणाले की काहींचा वास सहा महिन्यांत परत येतो, काहींचा येत नाही. माझा कोणत्या गटात हे आत्ता सांगता येत नाही.

जीभ शाबूत आहे. आंबट, गोड, तुरट, कडू कळतं. बाकी सगळं नाकाचं काम असतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. त्यामुळे यंत्राचे आकडे, जुन्या नोंदी आणि पंकजाचा चेहरा यांवर चालवलं. ती हुंगायची तेव्हा मी तिच्याकडे पाहायचे. तू ओठ पाहायचीस, तसंच.

गिळलं का, ते सांगते. घोट गिळला की श्वास घशातून मागून नाकात जातो. पुढून न येणारा वास कधीकधी तिथून येतो. आठ आठवडे मी हे टाळलं, कारण तुला शब्द दिला होता. त्या दिवशी शेफने ओव्याचं विचारलं. अठरा जण माझ्याकडे पाहत होते. मला पेल्यात काय आहे ते कळत नव्हतं. मी गिळला.

वास आला नाही. पण घशात मद्यार्काची धग जाणवली. स्पष्ट. छातीपर्यंत. म्हणून मी म्हणाले की चव बराच वेळ राहते.

मग तुझा रस आला आणि मी तो मोजला. मद्यार्क शून्य. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा. जी धग मला जाणवली ती त्या पेल्यात नव्हतीच. मी लॅबच्या फरशीवर बसले. आत्या, नाक गेलं हे मी मान्य केलं होतं. जे नाही ते मला जाणवू शकतं, हे माहीत नव्हतं. आणि जे होतं, अडीच वर्षांची असल्यापासून पीत आलेला तुझा रस, तो तोंडात असताना मी त्याला परक्यासारखं बारा टक्के म्हणाले. तू लिहिलंस की मी तुझ्यासाठी हसू अंगावर घेतलं. मी ते पत्र चार वेळा वाचलं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं. म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

माझ्या अहवालात एक मुद्दा नव्हता. तो असा:

५-अ. मी हुंगण्याआधी पंकजाने बाटली माझ्यापुढे धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, याचा वास वेगळा येतोय." मी म्हणाले, "ठीक आहे. ओत."

पंकजाचं तू दुसऱ्यांदा लिहिलंस, त्यानंतरही तीन दिवस मी काही केलं नाही. हेही लिहून ठेवते.

काल, रविवारी, काकासाहेबांकडे गेले. ते अंगणात चहा घेत होते. मी ५-अ आणि वासाचं सगळं लिहून नेलं होतं. त्यांनी वाचलं. कप खाली ठेवला. पुन्हा वाचलं.

"पोरी, डिसेंबरपासून?"

"हो."

"म्हंजे जानेवारीत पांढरीचा नमुना स्पर्धेला धाडला, तो कुनी पास केला?"

"आकड्यांनी."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आंधळ्या मानसानं माझी गाडी नगरला नेऊन परत आनली, असं सांगायलीस तू. आन मी मागं बसून पेपर वाचत हुतो." ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, पंकजाचं काय? ते म्हणाले, "तिला मी काडलं न्हाई. तुझ्या सहीनं काडलं. तूच जाऊन आन."

बाटली तुझी होती हेही मी सांगितलं, कारण आता काही वगळायचं नव्हतं. त्यावर ते पहिल्यांदाच हसले. "भागाबाईंना म्हनावं, शेंगोळ्याबरोबर तोच रस चांगला लागला. शेफ फोनवर तेच म्हनत हुता."

मी संध्याकाळी पंकजाच्या घरी गेले. ती धुणं वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातलं ओलं लुगडं तसंच धरून. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठीक म्हणालात ना, मला वाटलं माझंच नाक बिघडलं. तीन आठवडे मी घरात डबे उघडून हुंगत बसलेय."

मी लुगड्याचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी ते वाळत घातलं.

आज ती कामावर आली आहे. बारा मार्चला ती हुंगेल आणि सांगेल. मी यंत्राचे आकडे देईन आणि जिभेला कळेल तेवढंच सांगेन. सही दोघींची. त्यानंतर मला ठेवायचं की नाही, ते काकासाहेब ठरवणार आहेत. हॉटेलच्या अठरा जणांनाही मी लिहिलं आहे की तो रस होता, तो चुकून आला आणि तो ओळखायचं काम माझं होतं.

मनकर्णाबाईंना तू कुलपाचं सांगितलंस का, ते तुझ्या पत्रात नाही. मी विचारत नाही. करणचा टेम्पो काष्टीच्या बाजारालाही जातो. आज तो इथे आला होता तेव्हा त्याच्याशी बोलले. तू म्हणशील त्या खेपेला तो पुढची जागा तुझ्यासाठी ठेवेल.

आता माझा प्रश्न. तू लिहिलंस, तुझं शील शाबूत आहे, तू गिळलंस ते जांभूळ. तेव्हा तुला वाटत होतं की मी ओळखून गिळलं. पेल्यात वाइन नव्हती, हे मी तीन वेळा मोजलं आहे. पण पेला उचलला तेव्हा माझ्या मनात ती वाइनच होती, आणि गिळायचं मी ठरवून गिळलं. हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. शब्द तुला दिला होता, त्यामुळे तूच सांग. वचन मोडलं का?

बारा तारखेला पुन्हा पेला उचलायचा आहे. त्याआधी मला हे माहीत हवं. समजूत घालू नकोस. होय किंवा नाही, एवढंच लिही. सोमवार, १० मार्चपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल असं पाठव.

शुभांगी